शिरोरेषेला टांगलेली ग्रिड: १६ पानी पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

२ जून

स्विस ग्राफिक डिझाइनवर मराठीत १६ पानांची पुस्तिका करायची आहे. आकार ए४, रंग दोनच, काळा आणि लाल. सोबत ए२ आकाराचं एक पोस्टर. मजकूर लिहून झालाय, साडेतीन हजार शब्दांच्या आसपास. १९१८पासून झ्युरिकच्या कलाशाळेत शिकवणारे एर्न्स्ट केलर, बासलमधले एमिल रूडर आणि आर्मिन होफमान, झ्युरिकचे योझेफ म्युलर-ब्रॉकमान, आणि मग ही पद्धत अमेरिकेत आणि पुढे वेबवर कशी गेली, एवढा त्याचा आवाका.

अट एकच आणि ती मीच घातलीय. पुस्तिका ज्या पद्धतीबद्दल सांगते, त्याच पद्धतीने ती लावायची. एकच फॉन्ट, साधा, एकसारख्या जाडीचा. अक्षरांचे चार आकार. ओळी डावीकडे एका रेषेत, उजवीकडे मोकळ्या. नक्षी, चौकट, सावली काही नाही. पानावर जे येईल ते ग्रिडच्या, म्हणजे पानाचे समान खण पाडणाऱ्या आखणीच्या, खणात.

देवनागरीत हे करताना नेमकं कुठे अडतं ते नीट लिहून ठेवलेलं मला मिळालं नाही, म्हणून या नोंदी. खर्च पैशांत लिहीत नाही, तास आणि कागद लिहिते. ते सगळ्यांना उपयोगी पडतील.

३ जून

गणिताला बसले. म्युलर-ब्रॉकमान यांनी १९८१च्या आपल्या पुस्तकात ८, २० आणि ३२ खणांच्या ग्रिड उलगडून दाखवल्यात. माझ्या मजकुराला २४ पुरतील असं वाटलं: उभे चार कॉलम, आडव्या सहा रांगा. रुंदी १७४ मिमी, दोन कॉलमांमध्ये ६ मिमी गटर, म्हणजे मोकळी फट. तीन गटरांचे १८ वजा जाता १५६ उरतात, म्हणजे कॉलम ३९ मिमीचा. इथवर ठीक.

उंचीत चुकले. ११ पॉइंटचा मजकूर (पॉइंट म्हणजे अक्षरांच्या मापाचं एकक), १३ पॉइंट लीडिंग, म्हणजे ओळीपासून ओळीचं अंतर, पानावर ५४ ओळी बसत होत्या. ५४ भागिले ६, खणाला ९ ओळी, असं मांडून पुढे गेले. मास्टर पान, म्हणजे सगळ्या पानांचा साचा, केलं, सोळाही पानं त्यावर चढवली, दोन चौकटी एकीखाली एक ठेवल्या, तर त्या एकमेकींना चिकटल्या. खणांच्या मधली रिकामी ओळ मी धरलीच नव्हती. सहा रांगांमध्ये अशा पाच ओळी लागतात. म्हणजे ओळींचा आकडा असा हवा, की त्यातून ५ वजा केल्यावर ६ने भाग जावा. ५४मधून ५ गेले, ४९ उरले, भाग जात नाही. ५३ चालतो: ४८ भागिले ६, खणाला ८ ओळी.

मास्टर पान पुन्हा केलं. दोन तास वाया. हे गणित कागदावर आधी करा, मगच फाइल उघडा.

५ जून

मजकूर ओतला आणि जोडाक्षरं फुटली. ‘पद्धत’मधले द आणि ध वेगवेगळे, ‘ग्रिड’ची वेलांटी अक्षराच्या पलीकडे. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये भारतीय लिप्यांसाठीचा कंपोझर (अक्षरं जोडून ओळी लावणारी सोय) निवडायचा राहिला होता. मूळ परिच्छेद-शैलीतच तो निवडून ठेवला की पुढच्या सगळ्या शैलींना आपोआप लागतो. दहा मिनिटांत सुटलं.

दुसरी अडचण मोठी निघाली. छापून पाहिल्यावर वरच्या ओळीतल्या ‘सूत्र’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘शैली’च्या मात्रांवर बसलेला दिसला. एका पानावर अशा सात टकरा मोजल्या. ११ वर १३ हा हिशेब मी रोमन मजकुरावरून उचलला होता. रोमन लहान अक्षरांत थोडीच अक्षरं वर किंवा खाली जातात. आपल्याकडे प्रत्येक ओळ तीन मजली: वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, मध्ये अक्षर, खाली उकार आणि ऋकार.

१४, १५, १६ आणि १७ पॉइंटवर एकच परिच्छेद छापला आणि चारही कागद हातभर अंतरावर धरून वाचले. १५ला टक्कर नाही, पण ओळी दाटलेल्या. १७ला ओळी सुट्या सुट्या दिसतात, परिच्छेदाचा एकसंध करडा रंग जातो. १६ ठरवलं. आता पानावर ४१ ओळी: ४१ वजा ५, ३६, खणाला ६. तिसऱ्यांदा मास्टर पान.

८ जून

चार कॉलम हा माझा हट्ट होता आणि तो सोडावा लागला.

म्युलर-ब्रॉकमान, रिचर्ड पॉल लोझे, हान्स नॉयबुर्ग आणि कार्लो विवारेली या चौघांनी १९५८ ते १९६५ या काळात ‘नॉये ग्राफिक’ हे नियतकालिक काढलं. चार अरुंद कॉलमांची पानं, जर्मन, इंग्रजी आणि फ्रेंच मजकूर शेजारी शेजारी, आणि भरपूर कोरी जागा. ती पानं मला इतकी आवडतात, की माझ्या पुस्तिकेतही मजकूर एकेका कॉलममध्येच वाहावा असं पक्कं ठरवलं होतं.

३९ मिमीच्या कॉलममध्ये ११ पॉइंटचे मराठी शब्द तीन, फार तर चार बसतात. मराठी शब्द आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय पाठीवर घेऊन चालतो. ‘नियतकालिकांमधल्यासारखं’ हा एक शब्द जवळपास पूर्ण ओळ खातो. तो खाली ढकलला की वरची ओळ अर्धी रिकामी. एका कॉलममध्ये अशा अकरा अर्ध्या ओळी आल्या. वाचताना दर दोन सेकंदांनी पायरी उतरल्यासारखं होत होतं.

ग्रिड बदलली नाही, फक्त मजकुराला दोन कॉलम दिले: ३९ + ६ + ३९, म्हणजे ८४ मिमी. ओळीत सरासरी आठ शब्द येतात. ओळीत सातेक शब्द असावेत असं म्युलर-ब्रॉकमानही सांगतात, त्यामुळे मन लगेच वळलं. चित्रओळी आणि सनावळी एका कॉलममध्ये राहिल्या. बारीक कॉलम ज्या कामाला योग्य होता ते काम त्याला मिळालं.

११ जून

उजवी कडा. आज पाच तास फक्त तीच.

ओळी दोन्ही बाजूंनी ताणून चौकोन करायची सवय डोळ्यांना इतकी आहे, की मोकळी उजवी कडा सुरुवातीला अर्धवट काम वाटते. पण ताणलेल्या ओळीत शब्दांमधली अंतरं कमीजास्त होतात, आणि एकसारखं अंतर हा या पद्धतीचा प्राण आहे. म्हणून कडा मोकळी ठेवली आणि ती हाताने सुधारली. शब्द तोडायची वेळ आली तर फक्त समासाच्या सांध्यावर, प्रत्ययाच्या आधी कधीच नाही. जिथे तोडूनही जमेना तिथे वाक्य बदललं. मजकूर माझाच असल्याने ते शक्य झालं. दुसऱ्याचा मजकूर लावत असाल तर लेखकाशी आधी बोलून घ्या.

एक नियम उपयोगी पडला: लागोपाठ तीन ओळी एकाच लांबीच्या नकोत, आणि कोणतीही ओळ शेजारणीपेक्षा कॉलमच्या पाचव्या भागाहून जास्त आखूड नको.

१४ जून

मुद्रितशोधन करणाऱ्या ताईंना पहिली प्रूफं दाखवली. ऱ्हस्व-दीर्घाच्या नऊ चुका त्यांनी काढल्या. मग पान सहावर बोट ठेवून म्हणाल्या, “अगं, ही बाजूची बारीक ओळ खाली घसरल्यासारखी का दिसते?”

म्हटलं, “ताई, दोन्ही एकाच रेषेवर आहेत. मोजून बघा.”

त्यांनी पट्टी लावली. अक्षरांचे पाय खरंच एका रेषेत होते. “पाय असतील,” त्या म्हणाल्या, “पण मी वरून बघते ना.”

रात्री तेवढंच डोक्यात होतं.

१५ आणि १६ जून

हे दोन दिवस म्हणजे या कामाचा गाभा, म्हणून सविस्तर लिहिते.

रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभं राहतं. त्यामुळे मांडणीची सगळी सॉफ्टवेअर ओळ खालच्या रेषेवरून, बेसलाइनवरून धरतात. शेजारी ११ आणि ८ पॉइंटचा मजकूर असला आणि पाय जुळले, की रोमनमध्ये प्रश्न मिटतो. देवनागरी अक्षर वरून लटकतं. वहीतसुद्धा आपण अक्षर वरच्या ओळीला लावून लिहितो. डोळा शिरोरेषा धरून पुढे सरकतो. माझ्या पानावर पाय जुळलेले होते आणि शिरोरेषा चुकलेल्या. ताईंना दिसलं ते बरोबर होतं.

किती चुकल्या ते मोजायला ‘क’ २०० पॉइंटवर छापला. २०० पॉइंट म्हणजे ७०.५६ मिमी. पायापासून शिरोरेषेच्या वरच्या कडेपर्यंत पट्टीवर ४५ मिमी भरले. ४५ भागिले ७०.५६, ०.६४. या फॉन्टमध्ये शिरोरेषा अक्षराच्या आकाराच्या ०.६४ पट उंचीवर आहे. तुमच्या फॉन्टचा आकडा वेगळा असेल, तो असाच काढा.

११ पॉइंटला ही उंची ७.०४ पॉइंट, म्हणजे २.४८ मिमी. ८ पॉइंटला ५.१२ पॉइंट, म्हणजे १.८१ मिमी. फरक ०.६७ मिमी. ऐकायला क्षुल्लक आहे, पण शेजारी ठेवलेल्या दोन आडव्या काळ्या रेघा एवढ्याने चुकल्या की फळी कललेली दिसते.

दुरुस्ती अशी केली. वरचं मार्जिन २२ मिमी. मजकुराची बेसलाइन ग्रिड २२ + २.४८, म्हणजे २४.४८ मिमीपासून सुरू केली, १६ पॉइंटच्या टप्प्याने. चित्रओळींच्या चौकटींना स्वतंत्र बेसलाइन ग्रिड दिली, २३.८१ मिमीपासून, १२ पॉइंटच्या टप्प्याने. आता दोन्हींची पहिली शिरोरेषा बरोबर २२ मिमीवर येते. १२च्या चार ओळी म्हणजे ४८, १६च्या तीन ओळी म्हणजेही ४८. म्हणून दर तीन ओळींनी मोठा आणि बारीक मजकूर पुन्हा एका शिरोरेषेवर भेटतात.

मग खणही पुन्हा आखावे लागले. खणाची वरची कड म्हणजे पहिल्या ओळीची शिरोरेषा, खालची कड म्हणजे सहाव्या ओळीचे पाय. पाच टप्पे १६चे, ८०, अधिक ७, असा खण ८७ पॉइंटचा, ३०.७ मिमी. मधली फट २५ पॉइंट. चित्राची वरची कड शेजारच्या ओळीच्या शिरोरेषेशी जुळते. मात्रा आणि वेलांट्या त्या रेषेच्या वर जातात, उकार खाली जातात, आणि ते फटीत जाऊ द्यायचे. पहिल्यांदा मी मात्रेच्या टोकापासून मोजून पाहिलं होतं, तर ‘शैली’ असलेली ओळ आणि ‘मजकूर’ असलेली ओळ वेगवेगळ्या उंचीवर दिसायला लागली. शिरोरेषा एकटीच स्थिर आहे. तिलाच धरा.

नऊ तास गेले आणि मास्टर पान चौथ्यांदा बनलं. पण पान सहा छापून भिंतीला लावलं, तेव्हा चित्राची चौकट, मजकूर आणि चित्रओळ एकाच आडव्या दोरीला वाळत घातल्यासारखी दिसली. त्या पानापुढून उठवेना.

१९ जून

आठ पानांवर पोस्टरांच्या छायाचित्रांसाठी जागा ठेवली होती. हक्कांचा विचार आधी करायला हवा होता. म्युलर-ब्रॉकमान १९९६ साली गेले, त्यांच्या कामावरचे हक्क अजून शाबूत आहेत. परवानगी वेळेत मिळणार नव्हती. आठही चित्रं काढली. त्यांच्या मांडणीत गेलेले अकरा तास गेले.

त्याऐवजी प्रत्येक पोस्टरची रचना शब्दांत आणि साध्या पट्ट्यांत दाखवली. झ्युरिकच्या टोनहाले सभागृहासाठी त्यांनी केलेल्या पोस्टरांपैकी १९५५चं बीथोव्हेनचं पोस्टर घ्या. त्यात काळ्या वर्तुळखंडांची जाडी दुपटीने वाढत जाते. मी नुसते आडवे पट्टे काढले, १, २, ४, ८, १६, ३२. ते पट्टे डोळ्यांनी चढत गेलं की सूर उंचावत गेल्याचं जाणवतं. छायाचित्र असतं तर वाचक ‘सुंदर’ म्हणून पान उलटता. आता तो मोजेल. मला ही अदलाबदल पटली.

२२ जून

चार आकार: ८, ११, २२, ४४. कॅपिटल अक्षरं नाहीत, तिरकी नाहीत. लहान लिपीतच सगळं लिहावं यासाठी युरोपात त्या काळी बराच आग्रह झाला, आपल्या लिपीत तो प्रश्नच उद्भवत नाही. पण त्यामुळे महत्त्व दाखवायला आकार, जाडी आणि जागा एवढीच साधनं उरतात. प्रकरणाचं नाव ४४मध्ये ठेवून वर पूर्ण एक रांग कोरी सोडली. कोऱ्या जागेने जे काम केलं ते ठळक अक्षराने झालं नव्हतं.

पान आठ-नऊवर यान चिखोल्ड आणि माक्स बिल या दोन डिझाइनरांचा १९४६चा वाद आहे. चिखोल्ड यांनी १९२८ साली नव्या टायपोग्राफीचा जाहीरनामा लिहिला, १९३३मध्ये नाझींनी अटक केल्यावर ते बासलला आले, आणि पुढे आपल्याच जुन्या कडक नियमांत त्यांना हुकूमशाहीची छाया दिसायला लागली. बिल यांना ही माघार वाटली. दोघांचा मजकूर समोरासमोरच्या पानांवर, एकाच रांगेपासून सुरू केला. कोणाचंही पारडं आकाराने जड होऊ दिलं नाही. ग्रिडने न्याय करता येतो हे या दोन पानांनी मला दाखवलं.

२४ जून

दुसरी प्रूफं. दोन चुका माझ्या मजकुरातच होत्या आणि त्या लावलेल्या पानांवर सापडल्या.

पहिली: बीथोव्हेनच्या पोस्टरवरचा टाइप हेल्वेटिका असल्याचं मी लिहिलं होतं. माक्स मीडिंगर यांनी एदुआर्द हॉफमान यांच्याबरोबर तो टाइप हास फाउंड्रीसाठी केला १९५७ साली, तेव्हा त्याचं नाव नॉये हास ग्रोटेस्क होतं, आणि हेल्वेटिका हे नाव १९६०मध्ये आलं. १९५५च्या कामावर तो असूच शकत नाही. म्युलर-ब्रॉकमान अक्सिडेंझ ग्रोटेस्क वापरायचे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा जर्मन टाइप.

दुसरी: न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या पाट्या, तिथेही मी हेल्वेटिकाच लिहिलं होतं. मासिमो व्हिन्येली आणि बॉब नूर्डा यांच्या १९७०च्या मार्गदर्शिकेत स्टँडर्ड मीडियम होता, म्हणजे अक्सिडेंझचंच अमेरिकेतलं नाव. हेल्वेटिका तिथे अधिकृतपणे १९८९मध्ये आली.

‘हेल्वेटिका’ काढून ‘अक्सिडेंझ ग्रोटेस्क’ घातलं की ३९ मिमीच्या चित्रओळीत एक ओळ वाढते. तीन चित्रओळी खणाबाहेर गेल्या. दीड तास. तपशील तपासणं मांडणीच्या आधी उरकायला हवं.

२५ जून

छपाईची चाचणी. ए४ची १६ पानं म्हणजे ए३चे चार ताव, पाठपोट. तीन प्रतींना बारा ताव. बाराही तावांवर निळी ग्रिड छापून आली, कारण तिचा थर फाइलमध्ये चालू राहिला होता. बारा ताव वाया. ग्रिड ज्या थरावर काढाल तो ‘छापू नये’ असा आधीच ठरवून ठेवा, नुसता लपवण्यावर विसंबू नका.

मुखपृष्ठावर वर काळा पट्टा आणि त्यात पांढरं नाव आहे. ही कल्पना व्हिन्येलींनी १९७७मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांच्या माहितीपत्रकांसाठी बसवलेल्या युनिग्रिड या मांडणी-पद्धतीतली. पट्टा मी अक्षराच्या उंचीवरून काढला होता. ‘ग्रिड’च्या वेलांटीचा गोल पट्ट्याच्या वरच्या कडेला टेकला. पट्टा दोन ओळींनी वाढवला.

२८ जून

पोस्टर. होफमान यांच्या १९५९च्या ‘जिझेल’ या बॅलेच्या पोस्टरवर नाव उभं चढतं. तसं करून पाहिलं. तसा फिरवल्यावर मराठी शब्द उभ्या खांबाला लटकलेला दिसतो आणि मात्रा डावीकडे काट्यांसारख्या बाहेर येतात. दोन तासांनी सोडून दिलं.

मग पान अकरावरचे दुपटीचे पट्टे आठवले. शीर्षक २०० पॉइंटवर, त्याच्या शिरोरेषेची जाडी ६ मिमी भरली. तेच माप धरून खाली पट्टे: ६, १२, २४, ४८, ९६. पहिला पट्टा शिरोरेषाच आहे. शब्द तिला लटकलेला, आणि तिच्यातूनच बाकीचे पट्टे खाली वाढत जातात. फक्त सर्वांत खालचा लाल. चाळीस मिनिटांत झालं, कारण ठरवायचं काही उरलंच नव्हतं.

१ जुलै

शेवटच्या दोन पानांवर वेबचा भाग आहे: २००८ची ९६० पिक्सेलची ग्रिड, २०११मध्ये आलेल्या बूटस्ट्रॅप या वेबपानांच्या तयार साच्याचे १२ कॉलम, २०१७पासून ब्राउझरांत आलेली सीएसएस (वेबपानाची मांडणी सांगणारी भाषा) ग्रिड. बारा निवडले जातात कारण त्यांना २, ३, ४ आणि ६ने भाग जातो. वेबवर ओळीची मोकळी जागा अक्षराच्या वर आणि खाली निम्मी निम्मी वाटली जाते, त्यामुळे दोन आकारांच्या शिरोरेषा तिथेही आपोआप जुळत नाहीत. तिथेही ०.६४चा हिशेब हातानेच करावा लागेल. पुस्तिकेच्या वेब आवृत्तीला तो लावायचा आहे.

४ जुलै

२५ प्रती छापून, दुमडून, पिना मारून झाल्या. शंभर ताव, चाचण्यांचे चौतीस वेगळे. तास अठ्ठ्याहत्तर.

ताईंना पहिली प्रत दिली. त्यांनी पट्टी काढली आणि एकेक पान बघत गेल्या. पान तेरावरची एक चित्रओळ मजकुरापेक्षा किंचित खाली आहे. ती चौकट मी मास्टरवरून न घेता २४ तारखेच्या घाईत नवीन काढली होती, तिला २३.८१ लागलेलं नाही. फाइलमध्ये दुरुस्त केलं, पुढच्या प्रतींत बरोबर येईल. चित्रओळीच्या चौकटीची ऑब्जेक्ट-शैली आता तयार करून ठेवलीय, आकडा तिच्यातच आहे.